काल दारात, आज दरबारात

उद्योगपतींची गाऱ्हाणी मेहनताना घेऊन सरकारदरबारी मांडणाऱ्यास अमेरिकेत ‘लॉबिस्ट’ म्हणतात. आपण त्याला सभ्यपणे मध्यस्थ म्हणू. हाच व्यवसाय केलेल्या सूझी वाइल्स २०२५ च्या जानेवारीत अध्यक्ष ट्रम्प यांच्या ‘चीफ ऑफ स्टाफ’ झाल्या. हा दोष एकाच पक्षाचा नव्हे. ज्या खात्याकडे खटपट केली तेथे दोन वर्षे नेमणूक नाही, असा हुकूम ओबामांनी २१ जानेवारी २००९ रोजी काढला. आणि काही दिवसांतच रेथिऑन या शस्त्रास्त्र कंपनीचे लॉबिस्ट विल्यम लिन यांना संरक्षण उपमंत्री करण्यासाठी त्यातून सूट दिली! अनुभवी माणसे हवीत, हे मान्य. परंतु खुर्ची मिळताच जुने अशील विसरले जातात काय? लिन यांना निदान सेनेटपुढे उत्तरे द्यावी लागली. अध्यक्षांच्या खासगी सल्लागारांना सेनेटची संमतीच लागत नाही.