बिनत्रासाचं कासव

‘कासव घेतलंय. खायला काय घालू?’

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी असा मेसेज येतोच. माझ्याकडे अकरा वर्षं एक कासव आहे, एवढ्यावर ओळखीपाळखीत मी तज्ज्ञ ठरलोय. सोबत फोटो असतो: काचेचा बाऊल, तळाला रंगीत खडे, प्लास्टिकचं नारळाचं झाड आणि मधोमध दोन बोटं रुंदीचं हिरवंगार पिल्लू. पुढचं वाक्यही ठरलेलं. ‘कुत्र्याचं फार करावं लागतं ना, म्हणून म्हटलं बिनत्रासाचं काहीतरी घ्यावं.’

माझं भांडण या ‘बिनत्रासाचं’शी आहे. कुत्रा उपाशी राहिला तर अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतो. मांजर बोचकारतं. कासवाची हाडं मऊ पडतात, डोळे सुजून मिटतात, तरी ते गप्पच असतं. ते गप्प आहे म्हणजे मजेत आहे, असं आपण धरून चालतो. दुकानदार आपल्याला खरं तर ती शांतताच विकतो.

त्यात आपल्या भाषेत जमिनीवरचं, तळ्यातलं आणि समुद्रातलं, तिघांनाही एकच शब्द. त्यामुळे एकासाठी केलेल्या व्हिडिओतला सल्ला दुसऱ्यावर चालवला जातो. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही, खोल पाण्यात ते बुडून मरतं. लोक मात्र ‘कासव म्हणजे पाणी’ म्हणून त्याला टबात सोडतात. ते गवत आणि पाला खाणारं, म्हणजे जास्वंदीची पानं चालतात. त्याला वरणभात आणि पाव भरवणारी घरं मी पाहिली आहेत. म्हणून खाण्याचं विचारण्याआधी हे नेमकं कुठलं कासव आहे, ते विचारायला हवं.

पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असेल, तर ते चांदणी कासव. ते पाळणं, विकणं, विकत घेणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०१९पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सगळ्यात कडक बंदी आहे. तरी विमानतळांवर बॅगांमध्ये कोंबलेली ही कासवं शेकड्याने सापडतात, आणि घरात ठेवलं की पैसा येतो म्हणून ती गुपचूप विकली जातात. आपल्या कित्येक जुन्या शिवमंदिरांत दगडी कासव असतं. त्याच्यावर डोकं टेकवून यायचं आणि जिवंत कासवाला दिशा बघून बाऊलमध्ये कोंडायचं, याला मी भक्ती म्हणणार नाही. तुमच्याकडे असं कासव असेल, तर वन विभागाला फोन करा. त्याची ‘काळजी कशी घ्यावी’ या प्रश्नाचं दुसरं उत्तर नाही.

दुकानात उघडपणे मिळतं ते डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, रेड-इअर्ड स्लायडर. हे मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. माझंही तेच. कॉलेजात असताना चारशे रुपयांत आणलं, ‘एवढंच राहतं’ या आश्वासनावर. आज ते जेवणाच्या ताटाएवढं आहे. मादी फूटभर होऊ शकते, आणि नीट सांभाळलं तर तीस वर्षंही जगतं. हिशोब तुम्हीच करा: आज विशीत असाल, तर हे कासव तुमच्या नोकऱ्या, भाड्याची घरं, लग्न, कदाचित परदेश, सगळं बघणार आहे. किंवा त्यातल्या पहिल्याच वळणावर आईच्या गळ्यात पडणार आहे.

त्याला काय लागतं, तेही सांगतो. नीट पोहता येईल एवढं मोठं टाकं आणि रोजची घाण ओढणारा फिल्टर. पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होता येईल अशी जागा, तीही तापलेली, बत्तीस अंशांच्या आसपास. अंग तापल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. वर यूव्हीबी किरणांचा दिवा, किंवा सावलीला सरकायची सोय ठेवून थेट ऊन. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, काच नेमके तेच किरण अडवते. ते मिळाले नाहीत तर कॅल्शियम अंगी लागत नाही आणि पाठ मऊ पडते. ती पाठ म्हणजे घर नाही बरं का, त्याचा कणा आणि बरगड्याच आहेत. टिचकी मारलेली त्याला कळते. माझ्या कासवाची पाठ पहिल्या वर्षी वाकडी वाढली, कारण मी डब्यातली वाळकी कोळंबी घालून त्याला ट्यूबलाइटखाली ठेवलं होतं. ती आजही वाकडीच आहे. आणि हो, हात धुवा. कासवांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात. लहान मुलं त्याने आजारी पडत होती, म्हणून खुद्द अमेरिकेने १९७५मध्ये चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली. आपल्याकडे नेमकी तीच ‘क्यूट’ म्हणून विकली जातात.

मग एक दिवस वास येतो, टाकं अपुरं पडतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘सोडून देऊ तळ्यात, बिचारं मोकळं होईल.’ आजोबांनी विहिरीत कासव सोडलं होतं, ही आठवणही निघते. आजोबांचं कासव इथलं होतं. हे जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीतलं आहे. ते देशी कासवांचं अन्न खातं, त्यांच्या उन्हाच्या जागा बळकावतं. त्यामुळे देवळाच्या तळ्यात ते सोडताना पुण्य वगैरे काही पदरात पडत नाही.

हल्ली आणखी एक नवा माल आला आहे: आफ्रिकेतलं सल्काटा. ‘एक्झॉटिक आहे, लीगल आहे’ म्हणत तळहातावर ठेवून दाखवतात. हेच पिल्लू पुढे चाळीस किलोंच्या वर जातं आणि राहायला बीळ खणतं. तुमच्या वन-बीएचकेत ते कुठे खणेल? शिवाय अशा परदेशी प्राण्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते, असा २०२४चा नियम आहे. दुकानदाराकडे त्याची कागदपत्रं मागून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: तू स्वतः पाळतोस, आणि आम्हाला नाही म्हणतोस? हो. माझ्या चारशे रुपयांनी त्या दुकानात पुढचं पिल्लू आलं. मी ते आता परत करू शकत नाही, सोडू शकत नाही. दर रविवारी टाकं उपसू मात्र शकतो. कासवांचं वेड असेल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणात वेळासला जा. पहाटे ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वाळूवरून समुद्राकडे जाताना दिसतात. गावकरी ती अंडी राखतात आणि कुणाला पिल्लू घरी नेऊ देत नाहीत.

परवा पुन्हा मेसेज आला. मी विचारलं, कुठलं आहे, कुठून आणलंस, दिवा आहे का? तो म्हणाला, ‘अजून आणलं नाहीये, दुकानातच उभा आहे. किती वर्षं जगतं?’ मी लिहिलं, तीस धरून चल.

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग विचारलं, ‘आणि फिल्टर केवढ्याला येतो?’