सुई घरी आली तर

वरणगावला आमच्या मावशीच्या घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर चौथ्या आठवड्याला एका तारखेभोवती लाल शाईचा गोल असतो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटते, सोसायटीचा हप्ता असेल. तो गोल माझ्या मावसभावाचा आहे. आदल्या रात्री मावशी आणि तो भुसावळहून मुंबईची गाडी धरतात, दवाखान्यात चार-पाच तास शिरेतून औषध घेतात आणि पुन्हा रात्रीच्या गाडीने परततात. त्याची शाळा अशीच झाली, कॉलेजही असेच चालले आहे.

जन्मापासून त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ तयारच होत नाहीत. अमेरिकेतल्या ब्रुटन नावाच्या डॉक्टरांनी १९५२ साली वारंवार आजारी पडणाऱ्या आठ वर्षांच्या एका मुलात हा दोष प्रथम ओळखला. हा विकार जन्मतः येतो, कुणाचा कुणाला लागत नाही. पण "प्रतिकारशक्ती नाही" एवढे ऐकले की आपल्याकडे लोकांच्या मनात एकच रोग येतो! एका सुशिक्षित गृहस्थांनी आपल्या मुलाला त्याच्या शेजारच्या बाकावरून उठवले होते. त्या वर्षीच्या न्यूमोनियापेक्षा मावशीला ते अधिक लागले.

औषध म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे. हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून ती वेगळी काढतात. पन्नास किलोच्या माणसाला महिन्याला साधारण २० ते ३० ग्रॅम लागतात आणि एका रक्तदात्याच्या पिशवीतून जेमतेम एक ग्रॅम निघते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात बिस्किटाच्या पुड्यासाठी रांग लावणाऱ्या माझ्या मित्रांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

तीन आठवड्यांत या प्रतिपिंडांपैकी निम्मी संपतात. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात भाऊ मलूल होतो, खोकला सुरू होतो. मावशीला ते दिनदर्शिका न पाहता कळते.

यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. ब्रुटन यांनी त्या मुलाला औषध त्वचेखालीच दिले होते! पुढे शिरेतून देण्याची पद्धत रूढ झाली. पण १९९० च्या सुमारास स्वीडनमधील रुग्ण घरी बसून, लहानशा पंपाने, पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली औषध घेऊ लागले. आठवड्यातून एकदा, तास-दोन तास. मात्रा थोडी आणि वारंवार असल्यामुळे शेवटच्या आठवड्याची ती ओहोटी येत नाही. सुईच्या जागी सूज येते, ती एक-दोन दिवसांत ओसरते. घरी औषध घेणारे पुष्कळसे रुग्ण सांगतात की पहिली सुई स्वतःला टोचताना हात थरथरला, पण नंतर महिन्याचे दिवस आपले आपल्याला परत मिळाले. आपल्याकडे मात्र ही पद्धत फार थोड्यांपर्यंत पोहोचली आहे.

खेड्यातल्या माणसाच्या हाती सुई कशी द्यायची, असे कुणी म्हणेल. इन्शुलिन घेणाऱ्या आपल्याच आजीकडे त्यांनी पाहावे. अडचण हाताची नाही. औषध थंड ठेवावे लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि वीज नेमकी तेव्हाच जाते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात या विकाराचा आणि या औषधाचा समावेश झाला, मुंबईचे केईएम हे त्याचे एक केंद्र आहे, २०२२ पासून एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. रक्कम ऐकायला मोठी वाटते. पण हे औषध जन्मभराचे आहे, आणि केंद्र इथून सुमारे साडेचारशे किलोमीटरवर!

एवढे मी मोठ्या उत्साहाने मावशीला समजावले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "अरे, मुंबईला गेलं की माझ्यासारख्या चार आया भेटतात. काही झालं तर नर्सबाई धावत येतात. घरी मी एकटीच. चुकलं तर माझंच चुकलं."

मी गप्प झालो. दवाखाना घरी आणायचा म्हणजे बहुधा घरातल्या बाईनेच बिनपगारी परिचारिका व्हायचे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. तरीही मला वाटते, सुई घरी यावी. मात्र औषध जळगावच्या शासकीय रुग्णालयात मिळावे, शिकवणारी परिचारिका तिथेच असावी, आणि रात्री दहाला फोन केला तरी तो कुणीतरी उचलावा. नाहीतर आपण रुग्णाला स्वातंत्र्य देत नाही, फक्त दवाखान्याची एक खाट रिकामी करतो.

भाऊ शिकायला तयार आहे. मावशीची अट एकच: पहिले सहा महिने सुई लावताना कुणी जाणते माणूस शेजारी बसलेले हवे.