पापलेट राज्यमासा झाला, पण १ ऑगस्टला त्याची पिल्लं धरतो कोण?

आपल्या किनाऱ्यावरचं भांडण सध्या एका तारखेवर येऊन अडलंय. महाराष्ट्रात मासेमारी बंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला उठते. ६१ दिवस. शेजारच्या गुजरातने मात्र अलीकडे आपली बंदी १५ ऑगस्टपर्यंत नेली. त्यामुळे झाईच्या पलीकडे उंबरगावच्या बोटी शाकारलेल्या असतात तेव्हा अलीकडे आपल्या बोटी बर्फ आणि डिझेल भरून सुटलेल्या असतात. समुद्र एकच आहे, मासाही तोच आहे, आणि पंधरा दिवसांचा फरक आहे.

सफाळ्याच्या आत, डोंगरपट्ट्यात राहणाऱ्याला वाटेल की यात आपलं काय? पण एडवण, दातिवरे, मथाणे, उसरणी, केळवे इथला मासा सफाळे बाजारातच येतो. मासळीचा वाटा महाग झाला की सगळ्या गावांना कळतं. आणि बोटीवर खलाशी म्हणून जाणारी पोरं फक्त कोळीवाड्यातली नसतात, आपल्या पाड्यांवरचीही असतात. त्यावर पुढे येतो.

आधी तारखेचं बघू. आपल्याकडे पूर्वीचा नियम वेगळा होता. बंदी १० जूनला लागायची आणि नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यातलं जे आधी येईल तोवर चालायची. नारळ सोडल्याशिवाय होडी लोटायची नाही ही कोळ्यांची चाल, तीच सरकारने कागदावर घेतली होती. २०१५ मध्ये केंद्राने पश्चिम किनाऱ्यासाठी खोल समुद्रातली बंदी ४७ दिवसांवरून ६१ दिवस केली आणि तारीख १ जून ते ३१ जुलै अशी ठरवली. दिवस मोजले तर फार फरक पडला नाही, पण शेवट अलीकडे आला. मच्छीमार संस्था वर्षानुवर्षं मागतायत की बंदी १५ ऑगस्टपर्यंत न्या. कारण ऑगस्टच्या सुरुवातीला जाळ्यात येणारं पापलेट लहान असतं, आणि तेच दोन-तीन महिने पाण्यात राहिलं तर त्याचा भाव कुठच्या कुठे जातो. मागणी करणारे मच्छीमारच आहेत, हे ध्यानात ठेवा. कोणी बाहेरून येऊन त्यांना शिकवत नाही.

पापलेटला सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर केलं. मागणी सातपाटीकडून आली होती आणि ती बरोबरच होती, कारण सातपाटीचं नाव पापलेटमुळेच मोठं झालं. तिथल्या दोन मच्छीमार सहकारी संस्था या माशावरच उभ्या राहिल्या. पण राज्यमासा हा मान आपण त्याला कधी दिला? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे आकडे बघा. १९६२ ते १९७६ या काळात महाराष्ट्रात वर्षाला सरासरी आठ हजार टनांहून जास्त पापलेट मिळायचं. २०१० ते २०१८ मध्ये ते चार हजार टनांच्या आसपास आलं. म्हणजे अर्धं. आणि मधल्या काळात बोटी वाढल्या, इंजिनं मोठी झाली, जाळी नायलॉनची झाली, मासा शोधायला यंत्र आलं. एवढं सगळं करून अर्धं मिळतंय, म्हणजे पाण्यात किती कमी झालं असेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

शेतकऱ्याला हे लगेच समजतं. पुढच्या सालाचं बियाणं म्हणून कणगीत ठेवलेलं भात कोणी शिजवून खात नाही. पण फरक असा की माझी कणगी माझ्या घरात आहे, तिला कुलूप लावता येतं. समुद्रातल्या कणगीवर सगळ्यांचा हात आहे. मी आज पिल्लू सोडलं तर उद्या ते दुसऱ्याच्या जाळ्यात जातं, असं प्रत्येकाला वाटतं, आणि ते खरंही आहे. म्हणून एकट्या गावाने किंवा एकट्या जिल्ह्याने थांबून भागत नाही. थांबायचं तर सगळ्यांनी एकदम.

या गोष्टीत आजवर आपण गुजरातकडे बोट दाखवत होतो. त्यांचे ट्रॉलर आपल्या हद्दीत येतात, जाळी तोडून जातात, ही तक्रार जुनी आहे आणि खोटी नाही. पण ऑगस्टच्या त्या पंधरा दिवसांत ते थांबतात आणि आपण नाही, हेही तितकंच खरं आहे. गंमत अशी की नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातने घोळ हा आपला राज्यमासा जाहीर केला. आपल्यानंतर दोनच महिन्यांनी. घोळ आपल्याकडेही मिळतो आणि पापलेट त्यांच्याकडेही. माशाला झाईची सीमा माहीत नाही. दोन्ही राज्यांनी दोन मासे मानाचे म्हणून वाटून घेतले, पण दोघांची बंदीची तारीख एक नाही.

घोळवरून आठवलं. ऑगस्ट २०२१ मध्ये बंदी उठल्यावरच्या पहिल्याच फेरीत मुरब्याच्या एका बोटीला दीडशेहून जास्त घोळ मिळाले आणि सव्वा कोटीहून जास्त पैसे झाले. बातमी देशभर गेली. घोळच्या पोटातल्या फुग्याला, म्हणजे बोताला, औषधासाठी परदेशात मोठी किंमत आहे, म्हणून एवढा भाव. त्या बोटीचं नशीब, आनंद आहे. पण अशा बातमीने एक नुकसान होतं. प्रत्येकाला वाटतं की एक फेरी अशी लागली की कर्ज फिटलं. मग कोण थांबेल?

आता आकाराच्या नियमाकडे येऊ. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी कमीत कमी लांबी ठरवली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, घोळ ७०० मिलिमीटर. पापलेटची साडेतेरा सेंटीमीटर म्हणजे वीतभरही नाही. माझ्या मते ही मर्यादा फार हात राखून ठेवलेली आहे, पण निदान ती आहे. केरळने हे २०१५ मध्येच सुरू केलं होतं. आपण आठ वर्षं मागे.

अडचण अशी की मासा धरल्यावर मोजायचा नियम डोल जाळ्याला नीट बसत नाही. वाचकांपैकी ज्यांनी डोल पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही मोठी पिशवी असते. समुद्रात खुंट मारून, दोर लावून ती भरती-ओहोटीच्या धारेत तोंड उघडं करून धरतात. धारेबरोबर जे येईल ते आत. उधाणाला जोरात, भांगाला कमी. शेवटाला आस बारीक, कारण जवळा, मांदेली, बोंबील यांच्यासाठीच ते जाळं. त्यात पापलेटची पिल्लं आली तर वर काढेपर्यंत ती मेलेली असतात. ती परत पाण्यात टाकून काय उपयोग? आणि डोलवाला बहुतेक छोटा माणूस. त्याला दंड लावणं सोपं आहे, पण त्याने तेवढे दिवस जाळं दुसरीकडे लावावं किंवा लावूच नये आणि त्या दिवसांचे त्याला काहीतरी मिळावं, हे जास्त कामाचं. ट्रॉलरची गोष्ट वेगळी. त्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरची चौकोनी आस लावायचा नियम आहे. चौकोनी आस ओढताना मिटत नाही, लहान मासा निसटतो. ती लावली आहे की नाही हे बंदरावर जाळं बघून पाच मिनिटांत कळतं, त्यासाठी समुद्रात जावं लागत नाही.

डोलचाच दुसरा वाद म्हणजे कव. कव म्हणजे समुद्रातली खुंट मारलेली जागा, आपल्या शेताच्या बांधासारखी वहिवाटीने चालत आलेली. आपल्याकडचे मच्छीमार पापलेटसाठी वाहतं जाळं सोडतात, त्याला मोकळं पाणी लागतं. वसई, अर्नाळा, उत्तनकडच्या बोटी डोलसाठी खुंट मारत मारत वर आपल्यासमोर आल्या, असं पालघर-डहाणूचं म्हणणं. त्यांचं म्हणणं की आमचीही वहिवाट आहे. दातिवऱ्यावरून अर्नाळा समोर दिसतं, मध्ये फक्त वैतरणेचं मुख. एका बाजूचे सोयरे दुसऱ्या बाजूला आहेत. तरी कित्येक दशकं हा वाद बैठकांवर बैठका होऊन तसाच आहे. एका जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांना पाणी वाटून घेता येत नसेल तर दोन राज्यांचं काय बोलायचं, असा टोमणा कोणी मारला तर आपल्याकडे उत्तर नाही.

कायदे कमी आहेत असं मात्र नाही. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीन जाळ्यांवर आदेश निघाला. पर्ससीन म्हणजे अख्ख्या थव्याला वेढा घालून खालून आवळायचं जाळं. झाई ते मुरुड या पट्ट्यात १२ सागरी मैलांच्या आत त्याला परवानगी नाही. एलईडी दिवे लावून मासा गोळा करायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी केली. २०२१ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून एलईडीवाल्याला ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड ठेवला. आधी ही प्रकरणं तहसीलदाराकडे चालायची, आता मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे चालतात. जानेवारी २०२५ पासून ड्रोनने नजर ठेवणं सुरू झालं, त्यातलं एक ठिकाण आपलं शिरगाव आहे. १२ मैलांच्या बाहेर राज्याचा कायदा संपतो आणि केंद्राचा अंमल सुरू होतो. तिथल्यासाठी केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे नियम काढले. त्यातही एलईडी आणि दोन बोटींनी मिळून ओढायच्या ट्रॉलला बंदी आहे.

एवढं सगळं असून पिल्लं बाजारात येतात, कारण ती विकली जातात. साधी गोष्ट आहे. बंदरावर घेणारा व्यापारी आहे, मासळीची भुकटी करणारा कारखाना आहे, आणि वाट्यावर स्वस्त मिळतं म्हणून पिशवीत टाकणारे आपणही आहोत. हाताच्या तळव्याएवढी सात-आठ पापलेटं वाट्यात दिसली की बाईमाणूस खूश होतं, त्यात तिचा दोष नाही, घर चालवायचं असतं. पण दंड आजवर बोटीवाल्यापुरता राहिला. बंदरावर वजनकाट्यापाशीच मोजपट्टी धरली आणि लहान माल घेणाऱ्यालाही हिशेब द्यावा लागला, तर पुढचं पुष्कळ आपोआप होईल असं मला वाटतं.

आता खलाशांचं. डहाणू, तलासरी आणि आतल्या तालुक्यांतली आदिवासी पोरं गुजरातच्या बोटींवर, ओखा-पोरबंदर-वेरावळकडे, हंगामभर जातात. जवळ मासा मिळेना म्हणून त्या बोटी लांब जातात, कच्छच्या वर पाकिस्तानच्या हद्दीला लागतात. तिथे धरपकड होते. बोट मालकाची असते, तुरुंगात खलाशी जातो. आपल्या जिल्ह्यातल्या खलाशांनी कराचीच्या तुरुंगात वर्षं काढलीत, काहींचे मृतदेहच घरी आले. मासा कमी होणं म्हणजे फक्त ताटातलं पापलेट महाग होणं नव्हे, ते इथवर जातं. आणि पलीकडे सिंधच्या किनाऱ्यावरचा कोळी याच समुद्रात मासे धरतो. त्याच्याशी बोलायची सोय तर कोणाकडेच नाही.

जगात हे आधी झालेलं आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉड नावाचा मासा शेकडो वर्षं पिढ्यांनी धरला. मोठ्या बोटी आल्या, मासा संपत आला, आणि जुलै १९९२ मध्ये सरकारला मासेमारीच बंद करावी लागली. तीस हजारांच्या आसपास माणसांचा रोजगार एका झटक्यात गेला. दोन वर्षांसाठी म्हणून लावलेली बंदी तीस वर्षांवर चालली. आधी पंधरा दिवस थांबले नाहीत, मग एक पिढी थांबली.

मासा कमी होण्याचं सगळं खापर जाळ्यावर फोडलं तर तेही बरोबर होणार नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी समुद्रात जातं. तेलविहिरींच्या भोवती बोटींना मनाई असते, तेलासाठी सर्वेक्षण लागलं की ऐन हंगामात जाळी काढून ठेवावी लागतात. आणि वाढवण बंदर. ७६ हजार २२० कोटींचा प्रकल्प, जून २०२४ ला केंद्राची मंजुरी, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये भूमिपूजन, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. बंदर हवं की नको यावर गावागावांत दोन मतं आहेत, ती इथे मिटवत नाही. पण तिथला खडकाळ भाग मासळीच्या पैदाशीचा म्हणून मच्छीमार सांगतात. ती जागा गेली तर तिथल्या बोटी घरी बसणार नाहीत, त्या उरलेल्या पाण्यात येतील. म्हणजे गर्दी अजून वाढणार, कवीवरची भांडणंही वाढणार.

म्हणून तारखेचा निर्णय लांबवण्यात अर्थ नाही. तो खर्चाचाही नाही असं वरवर वाटतं, पण खर्च आहे. बंदीच्या काळात गरीब मच्छीमारासाठी केंद्राची बचत-मदत योजना आहे. त्यात त्याचेच १,५०० आणि सरकारचे ३,००० असे मिळून ४,५०० रुपये मिळतात. ६१ दिवसांना ४,५०० म्हणजे दिवसाला ७४ रुपये. त्यातून त्याचे स्वतःचे वजा केले तर सरकारचे ५० सुद्धा होत नाहीत. बंदी १५ ऑगस्टपर्यंत नेली तर आणखी पंधरा दिवस. बोटीच्या मालकाला संस्था उचल देईल, डिझेलवरच्या कराचा परतावा कधीतरी जमा होईल. खलाशाला आणि टोपली घेऊन फिरणाऱ्या बाईला कोण देणार? एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. पीक बुडालं की शेतकऱ्याचा पंचनामा होतो, उशिरा का होईना काहीतरी हातात येतं. मग सरकारच्या सांगण्यावरून जाळं घरी ठेवणाऱ्याच्या या पंधरा दिवसांची रक्कम किती, ती कुठल्या खात्यातून येणार आणि खलाशाच्या नावावर थेट जमा होणार का, हे मत्स्यव्यवसाय मंत्र्यांनी तारखेबरोबरच सांगावं. गुजरातबरोबर बसून एक तारीख ठरवायची तर त्या बैठकीला नेण्याचा पहिला कागद हाच आहे.