घरापासून शाळा किती लांब? मुलांनाच मोजू द्या

2023 मध्ये राज्याने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नंदुरबारमधल्या तोरणमाळचा नमुना पुढे केला गेला. आरटीईच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी. हे अंतर पाचवीतलं पोरही ऑनलाइन नकाशावर काढू शकतं.

समजा, कोपऱ्यातल्या पट्टीवर 2 सेंटिमीटर म्हणजे 500 मीटर. घर ते शाळा सरळ रेषा 3 सेंटिमीटर, म्हणजे 750 मीटर. नियमात बसलं! पण सातपुड्यात सरळ कोण चालतं? पायवाटेच्या वळणांवरून दोरा ठेवला आणि तो 6 सेंटिमीटर भरला, तर चाल दीड किलोमीटरची. मोजताना झूम बदलू नका, पट्टीचं प्रमाणही बदलतं. आणि चढ यात धरलेला नाही.