बंदुकीच्या आयातीवरील बंदी : अधिकार निर्विवाद, आधार डळमळीत

शस्त्र परवाना असलेल्या सामान्य भारतीय नागरिकाला स्वतःच्या वापरासाठी परदेशातून पिस्तूल अथवा रायफल मागविणे आज जवळपास अशक्य आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून हे दार बंद झाले, ते मोजक्या अपवादांपुरतेच किलकिले होते. बंदूक बाळगण्याचा परवाना शासनच देते आणि शासनाचेच दुसरे खाते ती बाहेरून आणू देत नाही. हा मूठभर शौकिनांचा प्रश्न म्हणून सोडून देण्याजोगा नाही. संसदेचा कायदा एक सांगत असेल आणि प्रशासनाचे धोरण वेगळेच घडवीत असेल, तर नागरिकाने प्रमाण कशाला मानावे, हा त्यातील खरा मुद्दा आहे.

संविधानात शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. तो अनवधानाने राहून गेलेला नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याची बोच राष्ट्रीय चळवळीला होती. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश झाला. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी संविधान सभेत त्याच आशयाची दुरुस्ती मांडली. प्रत्येकाने बाजारात जाऊन हवे ते शस्त्र विकत घ्यावे, अशी मुभा दिल्यास राज्यकारभार चालणार कसा, असा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उत्तराचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. १९९३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निकालात हा हक्क अनुच्छेद २१ मध्ये शोधण्यात आला. तथापि त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने पुढे तो विचार अमान्य केला. अमेरिकेप्रमाणे आपल्याकडे असा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२३ मध्ये नमूद केले. शिवाय शस्त्रे आणि परराष्ट्र व्यापार हे दोन्ही विषय केंद्र सूचीत येतात. सारांश, आयात रोखण्याच्या केंद्राच्या अधिकाराविषयी शंका घेण्यास जागा नाही.

गुंतागुंत सुरू होते ती यानंतर. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १० परवान्याविना शस्त्रांची आयात मना करते. पण त्याच कलमाचे परंतुक असे सांगते की, ज्याला शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर अधिकार आहे, तो स्वतःच्या खासगी वापरासाठी वाजवी प्रमाणात शस्त्रे वेगळ्या आयात परवान्याविना देशात आणू शकतो. सीमाशुल्क अधिकाऱ्याला शंका आल्यास त्याने शस्त्र अडवून केंद्राचा आदेश मागवावा, अशी तजवीजही तेथेच आहे. कलम ११ अन्वये विशिष्ट वर्गाच्या व वर्णनाच्या शस्त्रांची आयात अधिसूचनेद्वारे बंद करता येते. थोडक्यात, परवानाधारकाला आयात करता यावी हा नियम आणि बंदी हा अपवाद, अशी १९५९ च्या संसदेची धारणा दिसते.

व्यवहारात मात्र नागरिकाची वाट मुख्यतः दुसराच कायदा अडवितो. १९९२ च्या विदेश व्यापार (विकास व नियमन) कायद्याखालील आयात धोरणात बंदुका निर्बंधित मालात मोडतात. त्या धोरणाबाहेर आलेला माल १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानुसार निषिद्ध मानला जातो आणि जप्तीस पात्र ठरतो. क्रीडा खात्याच्या शिफारशीने नामांकित नेमबाज व रायफल क्लब यांना सवलत आहे. कायमच्या वास्तव्यासाठी मायदेशी परतणाऱ्याला अनुज्ञेय बोअरचे एक शस्त्र आणता येते. मात्र ते परदेशात किमान वर्षभर त्याच्या ताब्यात व वापरात असले पाहिजे, येथील परवाना हवा, शुल्क भरले पाहिजे आणि हयातीत ते कोणाला विकता वा देता येत नाही.

हे न्यायालयात टिकेल काय? बहुधा टिकेल. एका कायद्याने दिलेली मोकळीक दुसऱ्या कायद्याच्या बंधनातून सुटका करीत नाही, हे सर्वमान्य तत्त्व आहे. आयात धोरणाबाबत १९६१ च्या ग्लास चॅटन्स प्रकरणापासून न्यायालयांनी शासनाला बरीच मोकळीक दिली आहे. परंतु न्यायालयात टिकणे वेगळे आणि न्याय्य असणे वेगळे.

सुरक्षितता हे बंदीचे कारण असेल, तर कानपूरच्या सरकारी कारखान्यातील रिव्हॉल्व्हर त्याच परवान्यावर विकत मिते, याची संगती कशी लावावी? परदेशी शस्त्र अधिक अचूक व भेदक असते, आयात खुली झाल्यास देशातील शस्त्रसंख्या वाढेल, हा शासनाचा युक्तिवाद वजनदार आहे. पण बोअर, क्षमता आणि संख्या यांवर मर्यादा घालून तो हेतू साधता येतो. १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर जे उतरले, त्यासाठी कोणी परवाना मागितला नव्हता. देशी उद्योगाचे संरक्षण हे कारण असेल, तर तसे उघडपणे सांगावे. १ एप्रिल २००१ रोजी भारताने उरलेल्या ७१५ वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध उठविले. शस्त्रांवरील निर्बंध राहिले. २०१६ मध्ये लहान शस्त्रांच्या उत्पादनात परकीय गुंतवणुकीला वाव देण्यात आला. परकीय भांडवल चालते, परकीय नळी चालत नाही, असा हा प्रकार आहे.

त्याहून खटकणारी बाब समानतेची. सीमाशुल्क खात्याने जप्त केलेली परदेशी शस्त्रे खासदार व वरिष्ठ अधिकाऱ्यांना विकण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. जे शस्त्र सामान्य परवानाधारकाच्या हाती धोकादायक, तेच पदाधिकाऱ्याच्या हाती निर्धोक कसे, याचे समाधानकारक उत्तर अनुच्छेद १४ च्या कसोटीवर देता येणे कठीण आहे. नेमबाजाचा अपवाद उपयोगाच्या निकषावर उभा आहे. हा अपवाद केवळ पदावर.

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा वादाचा मुख्य विषय संख्येचा होता. तीन शस्त्रांची मर्यादा एकवर आणण्याचा प्रस्ताव होता, ती अखेर दोनवर स्थिरावली. परवानाधारकाच्या आयातीविषयीची विसंगती होती तशीच राहिली. विदेश व्यापार कायद्याखालील आदेश सभागृहांच्या पटलावर ठेवावे लागतात, हे खरे. पण पटलावरच्या कागदांच्या गठ्ठ्यातून असा एखादा आदेश काढून त्यावर चर्चा मागणारे सदस्य विरळाच.

बंदी उठवावी, असा याचा अर्थ नव्हे. शस्त्रांचा सुळसुळाट कोणत्याही समंजस समाजाला परवडणारा नाही आणि आंबेडकरांचा इशारा आजही तितकाच लागू आहे. मात्र बंदीच हवी असेल, तर संसदेने कलम १० चे परंतुक बदलून ती शस्त्र कायद्यातच स्पष्ट शब्दांत लिहावी, अपवादांचे निकष तेथेच नोंदवावेत आणि त्यांत पदाला स्थान देऊ नये. शस्त्र परवाना नाकारताना कारणे लेखी नोंदविण्याचे बंधन कलम १४ ने परवाना अधिकाऱ्यावर घातले आहे. जिल्हाधिकाऱ्याला जे बंधन लागू आहे, ते केंद्र शासनाने स्वतःला लावून घेण्यास प्रत्यवाय नसावा.