गरोदर व स्तनदा मातांच्या दंत आरोग्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गरोदरपणाच्या नियमित तपासणीतच दात व हिरड्यांची तपासणी आणि मोफत उपचार मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही ग्रामीण भागातील माता आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या आशा व अंगणवाडी सेविका हे निवेदन सादर करीत आहोत.

गरोदर बाई तपासणीला येते तेव्हा तिचे वजन होते, रक्तदाब पाहिला जातो, रक्त-लघवी तपासली जाते, लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरही तपासतात. मात्र एवढ्या भेटींत तिचे तोंड कोणी पाहत नाही, असा आमचा अनुभव आहे. दाढ ठणकते म्हणून तिने स्वतःहून सांगितले, तर ‘बाळंतपण होऊ दे, मग बघू’ असे सांगितले जाते. बाळ झाल्यावर तिला तालुक्याला जायला सवड मिळत नाही. मग वेळीच सिमेंट भरून वाचली असती ती दाढ काढावी लागते.

या काळात संप्रेरकांच्या बदलामुळे हिरड्या सुजतात, ब्रश करताना रक्त येते. उलट्यांतील आम्लाने दातांचे आवरण झिजते. बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, हा समज खरा नाही. दात किडतो तो तोंडातील जंतूंमुळे, म्हणूनच ही कीड रोखता येते. दात साफ करणे, भरणे यासाठी चौथा ते सहावा महिना सर्वांत सोयीचा असतो. ठणका किंवा पू असेल तर कोणत्याही महिन्यात उपचार व्हायला हवेत. भुलीसाठी नेहमी वापरले जाणारे लिग्नोकेन गरोदरपणात देता येते. खरा धोका मनाने घेतलेल्या गोळ्यांचा आहे. टेट्रासायक्लीनने बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात आणि काही वेदनाशामके शेवटच्या महिन्यांत बाळाला घातक ठरतात.

दुखणाऱ्या दाताला मिश्री लावण्याची सवय आपल्याकडे आजही आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या अभ्यासात मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. शिवाय आईच्या तोंडातील किडीचे जंतू एकाच चमच्याने, चावून भरवलेल्या घासाने बाळाच्या तोंडात जातात. आईवर झालेला उपचार बाळाच्याही उपयोगी पडतो.

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू होऊन दहा वर्षे उलटली. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या १२ सेवांमध्येही मौखिक आरोग्याचा समावेश आहे. त्यामुळे आम्ही वेगळी योजना मागत नाही. असलेल्या तपासणीत पुढील गोष्टी व्हाव्यात, एवढीच मागणी आहे.

मागण्या :

१. नोंदणीच्या वेळी आणि त्यानंतर चौथ्या ते सहाव्या महिन्यात प्रत्येक गरोदर मातेचे दात व हिरड्या तपासून माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद करावी.

२. दर ९ तारखेच्या तपासणीला दंत शल्यचिकित्सक उपस्थित असावेत. जिथे पद नाही वा रिक्त आहे, तिथे शासकीय दंत महाविद्यालयांतील आंतरवासिता करणाऱ्या डॉक्टरांची पथके पाठवावीत.

३. गरोदर व स्तनदा मातांचे दात साफ करणे, भरणे, काढणे व त्यासाठीची औषधे मोफत असल्याचे लेखी आदेश काढावेत. रुग्णालयात ने-आण करण्यासाठी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातील वाहन द्यावे.

४. केवळ गरोदर आहे म्हणून दातांचा उपचार नाकारू नये, असे परिपत्रक सर्व शासकीय रुग्णालयांना द्यावे.

५. आशा, आरोग्य सेविका व समुदाय आरोग्य अधिकारी यांना हिरड्यांची सूज, कीड व तोंडातील संशयास्पद चट्टे ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंतच्या गृहभेटींत आईच्या दातांची चौकशी अनिवार्य करावी.

६. उलटीनंतर लगेच ब्रश न करता खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरणे, दिवसातून दोनदा फ्लोराइडयुक्त पेस्टने ब्रश करणे, डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू खाल्ल्यावर चूळ भरणे, मिश्री सोडणे ही माहिती अंगणवाडीत व माता सभांत सोप्या मराठीत आणि आदिवासी भागात तेथील बोलीत द्यावी.

७. किती मातांची तपासणी झाली आणि किती जणींचे उपचार पूर्ण झाले, याचा आढावा दर तीन महिन्यांनी जिल्हा स्तरावर घ्यावा.

यांतील पहिल्या व चौथ्या मागणीसाठी नवीन इमारत वा यंत्रसामग्री लागत नाही. त्यांची अंमलबजावणी येत्या ९ तारखेपासून सुरू करावी आणि उर्वरित मागण्यांवरील निर्णय आम्हाला लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

आपल्या विश्वासू,
ग्रामीण भागातील माता, आशा व अंगणवाडी सेविका

सोबत : स्वाक्षऱ्यांची यादी

प्रत माहितीस्तव :
१. मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य
२. मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद