कपाखालचा लाल ठिपका

ज्ञानेश्वरी १२९०ची. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हायला १९४७ उजाडलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. अस्पृश्य ठरवलेल्या संत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, मंदिराबाहेरच. मधल्या साडेसहाशे वर्षांत अद्वैत सांगणारे काही कमी नव्हते.

आजही नाहीत. आमच्या सोसायटीत दर गुरुवारी निरूपण असतं, मीही नेमाने जाते. सर्वांभूती एकच चैतन्य म्हटलं की माना डोलतात. मग चहा. सतरंज्या घालणाऱ्या मावशींचा कप मात्र वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. तळाला नेलपॉलिशचा लाल ठिपका, चुकून अदलाबदल नको म्हणून! विचारलं तर उत्तर तयार: "अहो, जात कोण मानतं हल्ली? सवय आहे, इतकंच."

मला ही सवयच जास्त चिवट वाटते. मताशी वाद घालता येतो. हाताला लहानपणी लागलेलं वळण वादाला उभंच राहत नाही. त्यामुळे डोळे मिटून आतलं ऐक्य शोधणाऱ्यांनी (शोधावं जरूर) आधी आपल्या घरातली मांडणी बघावी. आमच्या कमिटीकडे मी अर्ज दिलाय: वर्गणीतून एकसारखे दोन डझन कप घ्या. "बघू," म्हणालेत.